दवाखान्यात १६८, घरी १२४: यातलं खरं बीपी कोणतं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. वय ४३. घरच्या मशीनवर बीपी १२४/७८ च्या आगेमागे. पण दवाखान्यात दंडाला पट्टा बांधला की १६८/९८. हर्नियाचं ऑपरेशन याच कारणानं दोनदा पुढे ढकललं गेलं. आता तपासणीच्या आदल्या रात्री झोपही लागत नाही, आणि एका मित्रानं सुचवलंय की जाण्याआधी त्याची धडधडीची गोळी घेऊन जा. हे थांबवायचं कसं, असं तुम्ही विचारलंय.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझं कुठवर ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी डॉक्टर नाही. चोवीस वर्षं परिचारिका आहे, त्यातली बरीचशी बाह्यरुग्ण विभागात गेली. औषध कोणतं आणि किती, हे मी सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण खुर्चीत बसलेल्या माणसाचं बीपी कशानं चढतं आणि कशानं उतरतं हे मी रोज बघते.

तुमचा प्रश्न मी जरा फिरवून घेते. दवाखान्यात आकडा कमी कसा आणायचा, याच्या मागे तुम्ही लागलाय. खरं कोडं वेगळं आहे: तुमचं रोजचं बीपी किती आहे, आणि ते भूलतज्ज्ञांना पटेल असं त्यांच्यासमोर कसं ठेवायचं. आकडा पाडायच्या मागे लागलं की प्रत्येक मोजणी परीक्षा होऊन बसते, आणि परीक्षेत तुमचं काय होतं ते तुम्हाला चांगलंच ठाऊक आहे.

हा प्रकार नवा नाही. दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याचं उपकरण इटलीच्या रिव्हा-रोची या डॉक्टरांनी १८९६ मध्ये मांडलं, आणि रुग्णाच्या मनःस्थितीनं आकडा तात्पुरता बदलतो हे त्यांच्याही नजरेतून सुटलं नव्हतं. पुढे १९८३ मध्ये मिलानच्या ज्युसेप्पे मान्चिया आणि सहकाऱ्यांनी याचा सोक्षमोक्ष लावला. रोहिणीत बारीक नळी घालून काही रुग्णांचं बीपी सतत नोंदवलं जात होतं. अशा वेळी डॉक्टर खोलीत येऊन बीपी मोजायला लागले की वरचं बीपी सरासरी २७ नी आणि खालचं १५ नी उसळायचं. सगळ्यात जास्त चढ पहिल्या चार मिनिटांत, त्यानंतर हळूहळू उतार. नंतर याच मंडळींनी डॉक्टरऐवजी परिचारिकेला पाठवून पाहिलं, तर उसळी निम्म्याच्या आसपास राहिली. (हे मी आमच्या डॉक्टरांना अधूनमधून ऐकवते.) या प्रकाराला 'पांढऱ्या कोटाचं बीपी' म्हणतात, मग समोरच्यानं कोट घातलेला असो वा नसो.

यातली 'पहिली चार मिनिटं' लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

होतं काय, तर शरीराला धोक्याची सूचना मिळते, अ‍ॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात ठोके देतं, रक्तवाहिन्या आवळतात. म्हणजे मशीन खोटं बोलत नाही. त्या क्षणी तुमचं बीपी खरोखरच १६८ असतं. ते तुमच्या दिवसाचं प्रतिनिधी नसतं, एवढंच. एक-दोनदा असं झालं की मग पट्टाच धोक्याची खूण होऊन बसतो. त्यात मशीनची एक खोड अशी की आधी भरलेली हवा पुरली नाही, किंवा हात हलला, तर ते पुन्हा हवा भरतं आणि पट्टा पहिल्यापेक्षा घट्ट आवळतो. नेमकी याच क्षणी लोकांची छाती धडधडायला लागते: 'एवढं घट्ट का झालं? म्हणजे खूपच वाढलंय!' मी हे शेकडो चेहऱ्यांवर पाहिलंय. म्हणून पट्टा बांधतानाच सांगून ठेवते, कदाचित दोनदा आवळेल, ती मशीनची सवय आहे.

आता एक कबुली. दवाखान्यात वाढलेला प्रत्येक आकडा भीतीचा नसतो. त्यातला बराचसा आमच्या घाईचा असतो. सुरुवातीच्या वर्षांत मी कसं मोजायची सांगते. माणूस जिने चढून आलाय, हातात फाईल, मांडीवर पिशवी. तपासणीच्या उंच टेबलावर बसवलंय, त्यामुळे पाय अधांतरी आणि पाठीला टेका नाही. शर्टाची बाही वर सरकवून तिचा पीळ दंडावर बसलाय, हात हवेत लोंबतोय. आणि मशीन हवा भरत असताना मी विचारतेय, 'काय त्रास होतोय?' तो बिचारा सविस्तर सांगतोय.

हिशेब बघा. मोजताना बोलण्यानं वरचा आकडा दहाएक अंकांनी चढू शकतो. दंड हृदयाच्या पातळीखाली असेल तर दर अडीच सेंटीमीटरला साधारण २ अंकांची भर. पायावर पाय टाकला की आणखी काही. लघवी तुंबलेली असली तरी वाढ. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा सहज फुगतो. हे सगळं एकाच वेळी जमून आलं तर वीस-तीस अंकांचा फरक पडायला भीतीची गरजच नाही. दोष मात्र तुमच्या 'घाबरट स्वभावा'वर जातो.

म्हणून पुढच्या वेळी खुर्चीत बसताच तोंड उघडा. नुसतं म्हणायचं, 'माझं बीपी इथं आल्यावर वाढतं. पाच मिनिटं शांत बसतो, मग मोजाल का?' याचा कुणाला राग येत नाही, उलट आमचं काम सोपं होतं. त्याआधीचा अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको, धावपळ नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकलेली, दोन्ही तळवे जमिनीवर, बाही घट्ट असेल तर हात बाहेर काढलेला, दंड हृदयाच्या उंचीला कशावर तरी निवांत टेकवलेला. मोजणी संपेपर्यंत गप्प, तुम्हीही आणि आम्हीही. एकेका मिनिटाच्या अंतरानं तीन वेळा मोजायची विनंती करा, आणि स्क्रीन तुमच्याकडे नको म्हणून सांगा. काही ठिकाणी मशीन लावून माणसाला खोलीत एकटं ठेवतात, ते आपोआप तीन-चार वेळा मोजून सरासरी काढतं. तशी सोय असेल तर आवर्जून मागून घ्या. असे आकडे घरच्या आकड्यांच्या पुष्कळ जवळ जातात.

श्वासाबद्दल तुम्ही कुठे तरी वाचलं असणारच. तो उपाय खरा आहे, पण लोक तो उलटा करतात. 'दीर्घ श्वास घ्या' म्हटलं की छाती फुगवून, खांदे उचलून, भराभर मोठे श्वास घेतात, मग डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात आणि भीती दुप्पट. श्वास मोठा नको, संथ हवा. नाकानं चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. मध्ये रोखून धरायचा नाही. बाहेर सोडताना खांदे, जबडा आणि मूठ ढिली होतेय ना, ते बघा. मूठ आवळून बसणारे खूप असतात, आणि नुसत्या मूठ आवळण्यानंही बीपी चढतं. मात्र हे त्या दिवशी पहिल्यांदाच करून काही हाती लागत नाही. घरी पंधरा दिवस, रोज दहा मिनिटं, पट्ट्याचा संबंध न ठेवता करा. मग दवाखान्यातल्या खुर्चीत शरीराला ती वाट ओळखीची वाटते. आणि मनाशी 'शांत हो, शांत हो' असं घोकू नका. त्यानं कुणी शांत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. त्यापेक्षा तळव्यांखालची जमीन गार आहे की ऊबदार, याकडे लक्ष द्या.

काहींची भीती याच्याही पुढे गेलेली असते, आणि तुमच्या झोपेचं वाचून मला वाटतं तुम्ही त्या वाटेवर आहात. माझ्याकडे एक गृहस्थ यायचे. पट्ट्याचा 'चर्र' आवाज झाला की त्यांचा दंड माझ्या हातात दगडासारखा कडक व्हायचा. त्यांच्याबरोबर आम्ही हळूहळू पायऱ्या चढलो. पहिले काही दिवस मशीन घरात नुसतं डोळ्यांसमोर ठेवायचं, हात लावायचा नाही. मग पट्टा बांधून, हवा न भरता, पेपर वाचत बसायचं. मग हवा भरायची, पण स्क्रीनवर रुमाल टाकून. आकडा घरातल्या दुसऱ्यानं बघायचा आणि न बोलता लिहायचा. कंटाळा येईपर्यंत एकेक पायरी. हो, कंटाळा आला की पुढच्या पायरीवर जायचं. शेवटी ते नुसतेच येऊन माझ्या खोलीबाहेर बसायचे आणि बीपी न मोजता परत जायचे. दीडेक महिन्यानं दवाखान्यातला आकडा १७० वरून १४६ पर्यंत आला. घरच्या १२८ पर्यंत तो कधीच आला नाही, आणि यायची गरजही नव्हती. ज्यांना एवढ्यानं भागत नाही, किंवा दवाखाना टाळण्याकडेच ज्यांचा कल होतो, त्यांनी समुपदेशकाची मदत घ्यावी. ते याच पायऱ्या जास्त शिस्तीनं चढवतात.

आता घरची नोंद. सगळी भिस्त हिच्यावर आहे, आणि बहुतेक लोक नेमके इथेच ढिसाळ असतात. 'घरी १२४ च्या आसपास असतं' याला कुठलाही डॉक्टर पुरावा मानणार नाही, आणि मानूही नये. मशीन दंडाचं हवं, मनगटाचं नको. अचूकतेची तपासणी झालेलं हवं, आणि पट्टा तुमच्या दंडाच्या मापाचा हवा. दंडाचा मधला घेर टेपनं मोजा. नेहमीचा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटीमीटरला चालतो, त्यापुढे मोठा लागतो. मग सात दिवस, सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर आणि रात्री, दर वेळी पाच मिनिटं बसून, मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं. बीपीची गोळी चालू असेल तर सकाळची मोजणी गोळीच्या आधी. पहिला दिवस सोडून द्या, कारण त्या दिवशी घरातही थोडा पांढरा कोट असतो. उरलेल्या सहा दिवसांचे २४ आकडे होतात, त्यांची सरासरी काढायची.

ही सरासरी १३५/८५ च्या खाली हवी. लोक घरीही १४०/९० हीच रेघ धरतात, पण ती दवाखान्यातली झाली. आणि आलेला प्रत्येक आकडा लिहायचा. 'हा जरा जास्तच आला, परत घेतो' असं करून आवडतं रीडिंग निवडलंत तर फसवणूक तुमचीच. याच्या उलटही नको. धडधडलं की मोज, मुलावर ओरडलो की मोज, असं दिवसातून वीसदा करणारेही येतात. ठरलेल्या वेळाखेरीज मशीन कपाटात. एकदा ते मशीन घेऊन दवाखान्यात या आणि आमच्या मशीनशी ताडून घ्या, म्हणजे 'घरचं मशीन चुकत असेल' ही शंका मिटते. पहिल्या वेळी दोन्ही हातांचं बीपी बघा. ज्या हाताचं जास्त येतं तोच हात पुढे वापरायचा. दोहोंत दहाहून जास्त फरक कायम दिसत असेल तर डॉक्टरांना सांगा. नाडी अनियमित असेल तर ही आपोआप चालणारी मशीन गडबडतात, तेव्हा मोजायचं कसं ते डॉक्टरांनाच विचारावं लागेल.

याहून भक्कम पुरावा म्हणजे चोवीस तासांचं मशीन. कमरेला लावलेलं यंत्र दिवसा दर वीस-तीस मिनिटांनी आणि रात्रीही अधूनमधून आपोआप मोजतं. पट्टा आवळायला लागला की हात सैल सोडून स्थिर ठेवायचा, एवढंच तुमचं काम. पहिल्या तासाभरात लोक दचकतात, मग विसरतात. पूर्ण दिवसरात्रीची सरासरी १३०/८० च्या आत, जागेपणीची १३५/८५ च्या आत आणि झोपेतली १२०/७० च्या आत आली, तर दवाखान्यातल्या १६८ चा बाऊ करायचं कारण राहत नाही.

पण सरासरी वर आली तर? तर ती मान्य करायची. 'माझं फक्त दवाखान्यातच वाढतं' हे वाक्य मी अशाही लोकांकडून ऐकलंय ज्यांनी घरी एकदाही नीट मोजलं नव्हतं. एका बाईंनी त्या वाक्यावर सहा वर्षं काढली. चोवीस तासांचं मशीन लावलं तर झोपेतसुद्धा वरचा आकडा १४० च्या खाली येत नव्हता. शिवाय याच्या बरोबर उलटा प्रकारही असतो: दवाखान्यात छान, घरी आणि कामावर जास्त. म्हणून निकाल घरच्या वहीला देऊ द्या, तुमच्या अंदाजाला नको.

आता ऑपरेशन. इथे मात्र बरंचसं तुमच्या रुग्णालयाच्या नियमावर, भुलीच्या प्रकारावर आणि तुमच्या बाकीच्या तब्येतीवर अवलंबून आहे. पण विचार कसा केला जातो ते सांगते. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या आणि रक्तदाबतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१६ मध्ये एकत्र मार्गदर्शन दिलं. त्यानुसार, ठरलेल्या वेळेच्या ऑपरेशनआधी गेल्या वर्षभरातली नेहमीच्या डॉक्टरांकडची नोंद १६०/१०० च्या खाली असेल तर पुरे. अशी नोंदच नसेल, तर ऑपरेशनपूर्व तपासणीत १८०/११० च्या खाली असलं तरी पुढे जायला हरकत नाही. तुमच्याकडे हीच फूटपट्टी असेल असं नाही. तरी यातून एक दिसतं की भूलतज्ज्ञाला त्या सकाळच्या एका आकड्यापेक्षा आधीची विश्वासू नोंद जास्त मोलाची वाटते. तुम्ही दोन्ही वेळा ती नोंद न घेता गेलात, त्यामुळे त्यांच्यापुढे १६८ शिवाय काही नव्हतं. तिसरी तारीख घेण्याआधी सात दिवसांची वही किंवा चोवीस तासांचा अहवाल तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, त्यांच्याकडून दोन ओळींची चिठ्ठी घ्या, आणि हे सगळं भूलतज्ज्ञांकडे दहा-पंधरा दिवस आधी पोचवा. ऑपरेशनच्या सकाळी फाईलमधून कागद काढून दाखवायची वेळ येऊ देऊ नका, त्या घाईत ते कुणी वाचत नाही.

मित्राची गोळी: नको. धडधडीची म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी दम्याच्या माणसाचा श्वास अडकू शकतो, काहींची नाडी फार मंदावते, आणि भूल देणाऱ्याला न सांगता ती पोटात असणं तर आणखी वाईट. तुमच्या डॉक्टरांनी तपासून एखादी गोळी दिली तर गोष्ट वेगळी. तीही आधी एखाद्या निवांत दिवशी घरी घेऊन बघावी. ज्यांची बीपीची गोळी चालू आहे, त्यांनी 'आज चांगला आकडा यावा' म्हणून दोन घेऊ नयेत, की विसरल्यासारखी करून टाळूही नये. मी लोकांना दोन्ही करताना पाहिलंय, आणि दोन घेतलेल्यांपैकी एकजण घरी जाऊन न्हाणीघरात पडला. सर्दीच्या काही गोळ्या आणि बऱ्याच वेदनाशामक गोळ्या बीपी वाढवतात, तेव्हा त्या घेत असाल तर सांगून टाका.

निव्वळ दवाखान्यात वाढणाऱ्या बीपीवर सहसा औषध लागत नाही. पण अशा लोकांत पुढे कायमचं बीपी सुरू होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून वर्षातून एकदा तो सात दिवसांचा आठवडा पाळायचा. मीठ, वजन, चालणं, दारू याबद्दल तुम्हाला नवीन सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

भीतीच्या खात्यावर जे कधीच टाकायचं नाही, तेही सांगते. आकडा १८०/१२० च्या पुढे आणि सोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूला कमजोरी, बोलताना अडखळणं, दिसेनासं होणं किंवा भयंकर डोकेदुखी असेल, तर पुन्हा मोजत बसू नका, तातडीच्या विभागात जा. यातलं काही नसेल तर पाच मिनिटं बसून परत मोजा, आणि तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आणि गरोदर बाईचं दवाखान्यात १४०/९० आलं, तर 'इथं आलं की वाढतंच' म्हणून कुणीही परस्पर सोडून देऊ नये, तिनं स्वतःही नाही.

तुमच्या तिसऱ्या तारखेला वॉर्डमधली सिस्टर येईल तेव्हा पहिला आकडा वाढलेलाच येणार, असं धरूनच चला. तो येऊ द्या. ती 'अहो, १६० आलंय' म्हणेल. तुम्ही म्हणायचं, 'हो, पहिलं असंच येतं, माझी नोंद फाईलमध्ये लावलीय. पट्टा राहू द्या, पाच मिनिटांनी परत घ्या.' ती पाच मिनिटं चार-सहाच्या श्वासावर काढा. सगळ्यात जास्त चढ पहिल्या चार मिनिटांतलाच असतो. मग दुसरा आणि तिसरा आकडा तिला वेळेसकट लिहायला सांगा.